पीएच.डी.ची वाट : अर्जापासून नोकरीपर्यंत

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, त्या वेळी दादरा व नगर हवेलीतील बहुसंख्य घरांत अक्षरओळख नव्हती. २०११ च्या जनगणनेपर्यंत येथील साक्षरतेचे प्रमाण ७६ टक्क्यांवर गेले. ज्यांच्या आजोबांनी कागदावर अंगठा उठविला, त्यांची नातवंडे आज एम.ए., एम.एस्सी. होऊन घरी येत आहेत आणि पुढे काय करावयाचे, हा प्रश्न घराघरांत विचारला जात आहे. पीएच.डी., म्हणजे विद्यावाचस्पती ही पदवी, हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

हे उत्तर मानाचे आहे, तसेच महागही आहे. कर्त्या वयाचा मुलगा वा मुलगी आणखी चार-सहा वर्षे अभ्यासात घालविणार, तर त्याचा भार साऱ्या घरावर पडतो. या वाटेवर अर्ध्यातून परतणाऱ्यांत हुशार विद्यार्थी पुष्कळ असतात. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद लागतो, कोणती परीक्षा द्यावी लागते आणि पदवी हाती आल्यावर नोकरीसाठी आणखी काय हवे असते, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घराला तर हे सर्व नव्यानेच समजून घ्यावे लागते. म्हणून ही वाट आरंभापासून शेवटपर्यंत येथे क्रमाने मांडली आहे.

पदवीचे स्वरूप

एम.ए. किंवा एम.एस्सी. होईपर्यंत विद्यार्थी इतरांनी शोधून ठेवलेले ज्ञान आत्मसात करतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने त्या ज्ञानात स्वतःची भर घालावयाची असते. ती भर लहान असली तरी चालते. मात्र ती नवी असली पाहिजे आणि पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे. तिची मांडणी ज्या ग्रंथात केली जाते त्याला प्रबंध म्हणतात.

या पदवीचे किमान नियम विद्यापीठ अनुदान आयोग ठरवितो. सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि ती सामान्यतः सहा वर्षांच्या आत पूर्ण करावी लागते. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना, तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्याहून आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जाता कामा नये. महिला विद्यार्थ्यांना प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्न झाल्याबरोबर मुलीचे संशोधन संपले, असे मानणाऱ्या कुटुंबांनी ही तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी.

पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामध्ये एम.फिल.ची पायरी असे. २०२२ च्या नियमांनी ती काढून टाकली आहे. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएच.डी. करता येत नाही. ‘घरबसल्या पीएच.डी.’ देऊ करणाऱ्या जाहिराती पाहून कोणीही पैसे भरू नयेत.

पात्रता आणि विषय

पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण ही सर्वसाधारण अट आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर सवलतपात्र वर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्यालाही आता अर्ज करता येतो. शिक्षक व इतर नोकरदारांना अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते.

पात्रतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न विषयाचा आहे. ‘आदिवासी जीवन’ हा पीएच.डी.चा विषय होऊ शकत नाही, कारण त्याला सीमा नाही. तीन वर्षांत ज्याचे उत्तर शोधता येईल असा एक प्रश्न हवा. या बाबतीत सिल्वासा परिसरातील विद्यार्थी भाग्यवान म्हणावा लागेल. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना या परगण्यांचा महसूल देऊ केला. त्यामुळे येथील इतिहासाची साधने पुण्याच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांत आणि पणजीच्या अभिलेखागारातील पोर्तुगीज दप्तरांत शोधावी लागतात. वारली बोलीचे मराठी व गुजरातीशी असलेले नाते, दमणगंगेवरील मधुबन धरणामुळे हललेली गावे, शेतातून कारखान्याच्या पाळीवर गेलेले मनुष्यबळ, रानभाज्या आणि त्यांतील पोषकद्रव्ये असे कितीतरी विषय या भूमीत आहेत. बाहेरून आलेल्या संशोधकाला जी बोली वर्षभर शिकावी लागेल, ती येथील विद्यार्थ्याला आईच्या तोंडून मिळालेली असते.

प्रवेशाची पद्धत

मार्च २०२४ मध्ये आयोगाने असा निर्णय जाहीर केला, की पीएच.डी.च्या प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे ‘नेट’चे गुण वापरता येतील. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर या सत्रांसाठी घेतली जाते. उत्तीर्ण उमेदवारांचे तीन वर्ग केले जातात. पहिल्या वर्गातील उमेदवार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, साहाय्यक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश या तिन्हींना पात्र ठरतात. दुसऱ्या वर्गातील उमेदवार साहाय्यक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश यांना, तर तिसऱ्या वर्गातील केवळ पीएच.डी. प्रवेशाला पात्र असतात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार दिला जातो आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. काही विद्यापीठे स्वतःचीही प्रवेश परीक्षा घेतात. म्हणून ज्या वर्षी अर्ज करावयाचा, त्या वर्षीचे विद्यापीठाचे परिपत्रक मुळातून वाचावे. गतवर्षीच्या मित्राचा अनुभव पुरेसा होत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आधीच ओळखून असावी. भाषाविषय वगळता नेटच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात. इतिहास वा समाजशास्त्र मराठीतून उत्तम जाणणारा विद्यार्थी परिभाषेच्या अपरिचयामुळे मागे पडू शकतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक पारिभाषिक शब्दाचा इंग्रजी व हिंदी पर्याय वहीत टिपून ठेवावा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात ही उणीव भरून निघत नाही.

सिल्वासाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठासाठी बहुधा प्रदेशाबाहेर पाहावे लागते. येथील एसएसआर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाचे नाते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी आहे. सुरत आणि मुंबई ही शहरेही वापीहून रेल्वेने जोडलेली आहेत. आपल्या विषयाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आणि मार्गदर्शक कोठे आहेत, हे पाहूनच विद्यापीठ निवडावे.

मार्गदर्शक

नियमानुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि साहाय्यक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून नावाजलेल्या प्राध्यापकांकडे जागा नसते, असा अनुभव वारंवार येतो. पहिल्या नकाराने मात्र खचून जाऊ नये.

या संदर्भात डॉ. कमला सोहोनी यांचे उदाहरण मोलाचे आहे. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही आणि अखेर एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेची दारे इतर स्त्रियांनाही उघडली. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर संशोधन केले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. त्यांचा प्रबंध अवघा सुमारे चाळीस पृष्ठांचा होता. प्रबंधाची योग्यता त्याच्या जाडीवर ठरत नाही, हे आजच्या विद्यार्थ्यानेही स्मरणात ठेवावे. स्वदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. नीरेतील पोषणमूल्यांवरील त्यांचे संशोधन गरीब घरांतील मुलांच्या आहाराशी निगडित होते.

निर्वाहाचा प्रश्न

कित्येकदा प्रबंध पुरा होण्याआधी पैसा संपतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही हा प्रसंग चुकला नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, पैसा जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली.

आजच्या विद्यार्थ्यासाठी काही निश्चित सोयी आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ श्रेणीत ४२,००० रुपये असा दर लागू झाला. घरभाडे भत्ता वेगळा. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. तिच्या दरवर्षी ७५० जागा असतात. तिच्यासाठी आधी पीएच.डी.ला नोंदणी आणि मग अर्ज, असा क्रम आहे.

सीमेवरच्या प्रदेशात दाखल्यांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. दादरा व नगर हवेलीची अनुसूचित जमातींची यादी १९६२ च्या आदेशाने निश्चित झाली असून तीत वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, ढोर कोळी व नायका या जमाती आहेत. वारली समाज सीमेपलीकडे तलासरी-डहाणूतही आहे आणि महाराष्ट्रातही तो अनुसूचित आहे. तथापि येथील दाखल्यावर महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या राज्यस्तरीय आरक्षणाचा लाभ सर्वसाधारणपणे मिळत नाही. केंद्र शासनाच्या योजनांसाठी मात्र तोच दाखला चालतो. बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्रातील संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहेत. ज्या दारावर आपला हक्क आहे, तेथेच अर्जाचा वेळ खर्च व्हावा, म्हणून हा खुलासा आवश्यक आहे.

प्रबंधाची वर्षे

नोंदणीनंतर प्रथम किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीतिनियम शिकविले जातात. पुढे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावयाची असते. या बैठकीला पुष्कळ विद्यार्थी भितात. वास्तविक चुकलेली दिशा सहा महिन्यांत सुधारण्याची ती संधी होय.

क्षेत्रकार्य करणाऱ्याने रोजची टिपणे त्याच रात्री लिहावीत. स्थळ, तारीख आणि माहिती देणाऱ्याची संमती नोंदवावी. सर्व मजकुराची एक प्रत स्वतंत्र ठिकाणी ठेवावी. प्रबंध कोणत्या भाषेत लिहावयाचा, यासंबंधी विद्यापीठाचा नियम आरंभीच पाहून घ्यावा.

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देणे हा गंभीर अपराध आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के साम्य असल्यास सुधारित प्रबंध वर्षभर सादर करता येत नाही. आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांच्या नादी लागणारा विद्यार्थी पैसा आणि पदवी दोन्ही गमावतो.

सादर झालेला प्रबंध विद्यापीठाबाहेरील किमान दोन परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आल्यावर मौखिक परीक्षा होते. २०१६ च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती होती. २०२२ मध्ये ती आयोगाने उठविली. तरीही चांगल्या नियतकालिकात निबंध आलेला असल्यास पुढे त्याचा उपयोग होतोच.

आजारपण किंवा घरच्या अडचणीमुळे कोणाचे काम मध्येच थांबले, तर त्याचे सारे श्रम वाया गेले असे समजू नये. कमलाबाईंच्या भगिनी दुर्गा भागवत मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करीत असता दीर्घकाळ आजारी पडल्या आणि त्यांची पीएच.डी. अपुरी राहिली. तरी लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांचे स्थान अग्रभागी राहिले.

पदवीनंतर नोकरी

या वाटेवरील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. पीएच.डी. झाली की प्राध्यापकाची नेमणूक ठरलेली, असे अनेक घरांत धरून चालतात. वस्तुस्थिती तशी नाही. १ जुलै २०२३ पासून साहाय्यक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट राहील आणि पीएच.डी. ऐच्छिक असेल, असे आयोगाने जाहीर केले. म्हणून पीएच.डी. करीत असतानाच, शक्य तो तिच्या आधीच, नेट उत्तीर्ण व्हावे.

सेट ही राज्याची परीक्षा असते. महाराष्ट्र व गोवा यांची सेट पुणे विद्यापीठ घेते आणि ती त्या दोन राज्यांतील महाविद्यालयांपुरती उपयोगी पडते. सिल्वासाच्या उमेदवाराला आज पुणे, उद्या सुरत आणि परवा दमण असे अर्ज करावे लागणार. त्याच्यासाठी देशभर चालणारी नेट हीच भरवशाची.

मग पीएच.डी.चा उपयोग कोणता? २०१८ च्या नियमांतील निवडपूर्व गुणांकनात शंभरपैकी विद्यापीठात ३० आणि महाविद्यालयात २५ गुण पीएच.डी.ला ठेवलेले आहेत. सहयोगी प्राध्यापकपदासाठी तर ती आवश्यकच आहे. नेट दाराशी पोहोचविते आणि पीएच.डी. आत पुढे नेते, असे थोडक्यात म्हणता येईल. नियमित साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. परंतु नियमित जागा थोड्या आणि उमेदवार फार आहेत. अनेक पीएच.डी.धारक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत, हे सत्य पालकांपासून लपवू नये.

म्हणून दुसरी वाटही आधीच आखावी. रसायनशास्त्राच्या संशोधकाला वापी-सिल्वासा पट्ट्यातील कारखान्यांच्या प्रयोगशाळा आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला अभिलेखागारे व संग्रहालये आहेत. समाजशास्त्र वा मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षण, तसेच पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्था आहेत. पीएच.डी.च्या काळात शिकलेली मोडी लिपी, पोर्तुगीज भाषा वा संख्याशास्त्र अशा ठिकाणी कामास येते.

घर, शाळा आणि कार्यालय

विद्यार्थ्याचे हे काम एकट्याने होत नाही. पालकांनी दरवर्षी ‘अजून किती?’ असे विचारण्याऐवजी ‘या सत्रात काय झाले?’ असे विचारावे. कामाचा हिशेबही राहतो आणि मुलाला धीरही येतो. शिक्षकांनी दहावी-बारावीतच होतकरू मुलांची नावे आणि जन्मतारखा दाखल्यांशी जुळवून घ्याव्यात. शाळेच्या दाखल्यात एक आणि जातीच्या दाखल्यात दुसरे आडनाव असले, तर दहा वर्षांनी अधिछात्रवृत्तीचा अर्ज अडतो. कार्यालयीन अधिकाऱ्यांनी जातीचा आणि रहिवासाचा दाखला मागणाऱ्या विद्यार्थ्याला अर्जाची अंतिम तारीख विचारावी आणि ती पाहून कागद पुढे सरकवावा. एका दिवसाचा विलंब त्याचे संपूर्ण वर्ष घेऊ शकतो.

मान्य झालेल्या प्रबंधाची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवली जाते आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. नोंदणीपूर्वी विद्यार्थ्याने तेथे आपल्या विषयावरील जुने प्रबंध अवश्य पाहावेत. पुढे त्याचा स्वतःचा प्रबंध तेथे दाखल होईल, त्या वेळी त्याची एक छापील प्रत सिल्वासाच्या ग्रंथालयात आणि एक, ज्या पाड्यातील वृद्धांनी माहिती दिली त्या पाड्याच्या शाळेत ठेवावी. ज्यांच्या सांगण्यावर प्रबंध उभा राहिला, त्यांच्या नातवंडांना तो वाचावयास मिळणे उचितच होय.